खुर्चीची कसोटी

वायरमन खुर्चीवर चढला आणि तिच्या हातातला कप बशीवर असा आदळला की चहा सांडून थेट टेबलाच्या कडेपर्यंत गेला. जेवणघरातला दिवा दोन दिवस मिचमिचत होता म्हणून आईने कोपऱ्यावरच्या दुकानातून माणूस बोलावला होता. त्याने पिशवी खाली ठेवली, वर बघितलं, चपला काढल्या (माणूस रीतभात असलेला, त्याला नावं ठेवायला जागा नाही) आणि भिंतीकडची खुर्ची ओढून सरळ तिच्यावर उभा राहिला. टेबलाला खुर्च्या चार. एकीवर ती स्वतः, दुसरीवर आईची शाल, तिसरीवर प्रुफांचा गठ्ठा. मोकळी होती ती तेवढी एकच, मग बिचाऱ्याने तीच घेतली, दुसरं काय करणार! "अहो, अहो..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. वायरमन वरूनच म्हणाला, "घाबरू नका मॅडम, मेन बंद केलाय." आणि आई, ओट्यापाशी पाठमोरी उभी असलेली तिची आई, मान न वळवता म्हणाली, "जपून हं बाबा. त्या खुर्चीचा मागचा पाय डुगडुगतो."

दिवा लागला, वायरमन गेला, आईने खुर्ची फडक्याने पुसून भिंतीला लावली आणि "दुसरा चहा टाकू का?" असं विचारलं. ती नको म्हणाली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुसून बसली होती. पाय डुगडुगतो हे आईला कसं माहीत? पुसताना कळलं असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. छे! पुसताना खुर्ची भिंतीला टेकलेली असते, तेव्हा ती कशाला हलतेय. आणि पाय तरी कुठला, तर मागचा. मागचा पाय हलतो हे कळायला माणसाला खुर्चीत बसावं लागतं, बसून मागे रेलावं लागतं, चांगलं ऐसपैस रेलावं लागतं. ती कॉलेजची पर्स भरत राहिली, चष्म्याचं घर दोनदा भरलं आणि दोनदा काढलं, आणि आईकडे न बघता "येते गं" म्हणून बाहेर पडली.

त्या खुर्चीवर त्यांच्या घरात कुणी बसत नाही. बसू नका, असं कुणी कधी सांगितलेलं नाही. पाहुणे जास्त झाले तर आतून स्टूल येतं. एखादा पाहुणा चुकून तिकडे वळलाच तर बाबा "इकडे या, इकडे वारा आहे" म्हणायचे, आणि वारा नसला तरी पाहुणा इकडे यायचा. तिच्यावर वर्तमानपत्र ठेवत नाहीत, भाजीची पिशवी ठेवत नाहीत, ओला टॉवेल तर नाहीच नाही. खुर्ची दादाची. दादा गेला तेव्हा ती शाळेत होती, दोन वेण्या घालत होती. आता कानांवरचे केस पांढरे झाले, मधल्या मध्ये लग्न होऊन मोडलंसुद्धा आणि ती बॅग घेऊन याच घरात परत आली, पण खुर्ची जिथल्या तिथे. जी गत खुर्चीची तीच नावाची. दादाचं नाव या घरात कुणी काढत नाही. नाव तर सोडाच, 'दादा' हा शब्दसुद्धा नाही. शेजारची मुलगी आपल्या भावाला जिन्यातून "ए दादा, दादा रे" अशा हाका मारायची तेव्हा जेवायला बसलेली ही तिघंही एकदम पाणी प्यायला लागायची.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, पण दुसरा शब्द सुचत नाही. ही खुर्ची देशातल्या झाडून साऱ्या वकिलांना पाठ आहे. बाबांचं पुस्तक म्हणजे ते जाडजूड निळं पुस्तक, ज्याला विद्यार्थी नुसतं 'निळं' म्हणतात आणि न्यायमूर्ती निकालपत्रात 'थोर ग्रंथ' म्हणतात. राज्यघटनेत जे कुठेच लिहिलेलं नाही आणि तरीही ज्याच्यावर सारं राज्य उभं असतं, त्या तत्त्वांबद्दलचं ते पुस्तक. कलमं काय, कुणीही वाचेल. पण कलमांच्या मधल्या कोऱ्या जागेत काय आहे ते बाबांनी वाचलं, असं त्यांच्या सत्कारात कुणीतरी म्हणालं होतं आणि त्यावर टाळ्या पडल्या होत्या. पहिल्या प्रकरणाचं नावच मुळी 'असं करत नाहीत'. बाबांनी लिहिलं होतं की 'करू नये' हा झाला कायदा. त्याला कलम लागतं, शिक्षा लागते, दारात शिपाई लागतो. 'करत नाहीत' याला काहीही लागत नाही. त्या वाक्यात मना करणारा कुणी दिसत नाही, आणि नेमका म्हणूनच त्याला हुकूम परत घ्या असं सांगता येत नाही. मग पुढे ते उदाहरण. समजा, एका घरात एक खुर्ची आहे आणि तिच्यावर कुणी बसत नाही. हा योगायोग की नियम? ओळखायचं कसं? तर एखाद्या परक्या माणसाला त्या खुर्चीकडे जाऊ द्या, आणि तुम्ही खुर्चीकडे बघू नका, भोवतालच्या चेहऱ्यांकडे बघा. जो दचकेल तो बांधलेला आहे. जो दचकणार नाही त्याच्यापुरता नियम नाही.

हीच ती खुर्चीची कसोटी. कोर्टांनी ती उचलली, मग सभागृहांनी उचलली, परीक्षेत तिच्यावर हमखास प्रश्न येतो. आणि खुर्ची म्हटल्यावर दुसरं काय डोक्यात येणार? वाचणाऱ्या प्रत्येकाला ती सत्तेचीच खुर्ची वाटली. काय शब्द निवडलाय सरांनी, एका दगडात दोन पक्षी, असं तिचे सहकारी अजून म्हणतात. वर्गात ती हे प्रकरण दर वर्षी शिकवते, मुलं खुर्ची म्हटलं की खुसखुसतात, एखादा हुशार मुलगा सध्याच्या पुढाऱ्यांचा दाखला देतो आणि ती "अगदी बरोबर" म्हणून पान उलटते. त्या उदाहरणातली खुर्ची लाकडाची आहे, तिच्या पाठीवर कर्कटकाने कोरलेला एक वेडावाकडा मासा आहे आणि तो कोरल्याबद्दल दादाला कान धरून उभं केलं होतं, हे सांगायचं तिच्या जिभेवर एकदाही आलं नाही. सांगत नाहीत, बस्स.

आणि दादा गेला कशावरून, तर तेही याच विषयावरून. तो बाबांच्याच कॉलेजात कायदा शिकत होता आणि घटनेचा पेपर बाबांनीच काढलेला. दादा तीन तास बसला, पुरवणी मागितली म्हणे, पाणी मागितलं, आणि कोरी उत्तरपत्रिका देऊन बाहेर आला. शेवटच्या पानावर तेवढी एक ओळ होती, माझी सर्व उत्तरं अलिखित आहेत, परीक्षकांनी ती मान्य करावीत. अख्खं कॉलेज हसलं. बाबाही हसले असं सांगतात, चारचौघांत काय करणार, पण घरी आल्यावर ते जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "आपल्याकडे असं करत नाहीत." दादाने खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवली, ही त्याची कायमची खोड, आणि विचारलं, "कुणी ठरवलं?" तो प्रत्येक गोष्टीला तेच विचारायचा. जेवताना बोलायचं नाही? कुणी ठरवलं? मोठ्यांच्या आधी उठायचं नाही? कुणी ठरवलं? ती फिस्सकन हसायची आणि तिला बोलणी बसायची. तिला तो पोटकलम म्हणायचा, एक तर ती धाकटी आणि वर गुटगुटीत. त्या दिवशी मात्र ती हसली नाही. मग पुढे दोन दिवस कुणीच काही बोललं नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेसाठी बूट घालत असताना दादा तिच्या डोक्यावर टप्पल मारून जिना उतरला. त्याच्या हातात पिशवी होती. ती मोठी वाटली नाही तिला. पुढच्याच वर्षी पुस्तक आलं, तिने ते पान वाचलं, आणि जे काही समजायचं ते तिचं तिला समजलं. बाबांनी जाहीर केलं होतं. बंदी आहे.

प्रकाशकांच्या कचेरीत पंख्याखाली प्रुफं उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर काही ना काही ठेवलेलं असायचं, कुठे स्टेपलर, कुठे डबा, कुठे चक्क एक बूट. नवी आवृत्ती छपाईला जायची होती आणि चार वर्षांपूर्वी बाबा गेल्यापासून दुरुस्त्या तीच करत होती. प्रकाशकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पान तिच्यापुढे सरकवलं. "मॅडम, हे एवढं वाक्य बघा. सभागृहाचा विश्वास गमावलेला सरकारप्रमुख पदावर राहत नाही. राहत नाही! अहो, राहिलाय की! समोरच्या चौकात त्याचा केवढा फोटो लागलाय, बघितलात का?" तिने बघितला होता. गेल्या महिन्यात सरकारप्रमुख सभागृहात मतदान हरला, सगळे समजले की आता राजीनामा, आणि तो संध्याकाळी हसत हसत म्हणाला, जायलाच हवं असं कुठे लिहिलंय दाखवा. लिहिलेलं नव्हतंच. दाखवणार काय, कपाळ? आता प्रकरण कोर्टात होतं आणि दोन्ही बाजूंचे वकील निळंच उघडून बसले होते.

"मग 'राहू नये' करू या का?" प्रकाशक म्हणाले.

"तो कायदा झाला. तसा कायदा कुठाय?"

"मग 'राहत नसे' करा. पूर्वी राहत नसे, आता राहतो. खरं ते खरं."

"मग ते इतिहासाचं पुस्तक होईल."

"अहो, मग काय खोटं छापू? सर असते तर त्यांनी चुटकीसरशी सोडवलं असतं हे."

सर असते तर त्यांनी काय म्हटलं असतं ते तिला ठाऊक होतं. बाबांचा आवाज तिच्या मानेमागे कुठेतरी कायम असायचा, घसा खाकरण्यासकट. "एकाने मोडला म्हणून नियम मरत नाही," ती त्या आवाजातच म्हणाली. "मोडल्यावर कोण दचकलं ते बघायचं."

"खरं सांगू का?" प्रकाशक पुढे झुकले. "मी नाही दचकलो. पहिल्या दिवशी जरा चमकलो, नाही असं नाही. पण तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं, हिने आरडाओरडा केला, आणि त्या गडबडीत राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी सवय झाली. तुमची शपथ, एवढंच झालं."

सकाळचं जेवणघर तिच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं. परका माणूस खुर्चीकडे गेला. खुर्चीवर नुसता बसला नाही, पाय देऊन उभा राहिला. भोवताली चेहरे दोन. एक दचकला, त्याच्या हातून चहा सांडला. दुसरा वळलासुद्धा नाही. बाबांची कसोटी बाबांच्याच टेबलापाशी लागली होती, आणि इतकी वर्षं दोघी मिळून जो नियम पाळतोय असं ती समजत होती तो ती एकटीच पाळत होती. आईपुरता नियम नव्हता. केव्हापासून नव्हता? आणि एकदम, पंख्याखालच्या त्या कागदांच्या फडफडीत, तिला दुसरी गोष्ट आठवली. गेली काही वर्षं ती कॉलेजातून परत यायची तेव्हा ती खुर्ची जरा तिरपी असायची. भिंतीपासून वीतभर पुढे, कुणीतरी उठून गेल्यासारखी. बाबा गेल्यावर तिला वाटायचं, बाबाच येऊन बसतात. हसण्यासारखं आहे, कायदा शिकवणाऱ्या बाईने असं मनात आणावं! पण ती रोज संध्याकाळी मुकाट्याने खुर्ची भिंतीला सरळ लावायची, बाबा जिवंतपणी जिच्यावर कधी बसले नाहीत तिच्यावर आता का बसावेत हे न विचारता. आणि पाय मागचा. मागच्या पायांवर झुलायचा तो एकच माणूस.

दादा येतो, असं तिला वाटलं. वाटलं कसलं, कळलंच. दुपारी ती नसताना तो येतो, आईने दिलेला चहा पितो, रेलतो, झुलतो, आणि ती यायच्या आत जातो. आईला भेटतो आणि मला नाही. तिला आधी राग आला, मग रागाच्या खालून आनंद असा उसळून आला की तिने टेबलाची कड धरली. प्रकाशक काहीतरी बोलत होते. "एक जण जरी दचकत असेल तरी नियम जिवंत असतो," ती घाईघाईने म्हणाली. "मी दचकते अजून. वाक्य आहे तसंच राहू द्या." तिने पानाच्या कोपऱ्यात सही केली. प्रकाशकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, मॅडम. पण बरं नाही का वाटत? चेहरा उतरलाय अगदी." ती म्हणाली, उन्हामुळे. बाहेर ढगाळ होतं.

दुपारचा तास तिने सहकारी बाईंना घ्यायला सांगितला आणि बसही न घेता चालत सुटली. चौकात प्रमुखाचा फोटो होता, त्याच्याखाली माणसं सिग्नलची वाट बघत होती आणि कुणीही वर मान करत नव्हतं. तिला दादाचा चेहरा आठवेना. झुलणारी खुर्ची आठवत होती, टप्पल आठवत होती, घामट शर्टाचा वास आठवत होता, आणि मधे जिथे तोंड हवं तिथे काहीच नव्हतं. आता तो म्हाताराच झाला असेल की! टक्कल पडलं असेल, बाबांसारखं मागून पडत गेलं असेल. ती त्याला काय म्हणणार होती? इतक्या वर्षांत मनातसुद्धा तिने त्याला हाक मारलेली नव्हती. बाबांचा धाक एवढा की मनात आलं तरी ती इकडे तिकडे बघायची. एकदाच, अकरावीत असताना, तिने बाबांना धीर करून विचारायला तोंड उघडलं होतं. बाबांनी पुस्तक मिटलं, ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी स्वयंपाकघराकडे दाखवलं. ती त्याचा अर्थ 'खबरदार' असा घेऊन बसली. आपण कुणाला भ्यायलो, असं तिला चालता चालता वाटलं. बाबा गेले, त्यांचा फोटो भिंतीवर लागला, त्यांची भीती मात्र गेली नाही. उलट समजूत घालायला कुणी उरलं नाही तशी वाढलीच. मोठा माणूस जिवंत असताना त्याला निदान विचारता तरी येतं. मेल्यावर तो पुस्तक होतो, आणि पुस्तकाला काय विचारणार? तिला धाप लागली तरी ती थांबली नाही. घराच्या जिन्यापाशी आल्यावर मात्र ती थांबली. तो वर असेल तर? आणि नसेल तर? मग ती चप्पल वाजू नये म्हणून टाचा उचलून चढली. पन्नाशीला आलेली बाई स्वतःच्या घरात चोरासारखी शिरत होती.

तिने किल्लीने दार उघडलं. आत खुर्ची करकरली. एकदा, मग जरा थांबून परत. दारात पुरुषाच्या चपला नव्हत्या. त्याला कसल्या चपला, तो नेहमी पायातलं घालूनच आत यायचा आणि बोलणी खायचा. ती पॅसेजमधून पुढे गेली आणि जेवणघराच्या दारात उभी राहिली.

खुर्चीत आई बसली होती. एकटीच. मांडीवर हात, पाय जमिनीवर टेकलेले, आणि पाठ मागे टाकून ती हळूच झुलत होती, इतकं हळू की बघणाऱ्याला भास वाटावा. डोळे उघडे होते आणि समोरच्या भिंतीवर होते. टेबलावर कप नव्हता, काही नव्हतं. ती दिसली तशी आई झुलायची थांबली, पण उठली नाही, दचकली तर मुळीच नाही. "लवकर आलीस आज?" आई म्हणाली.

"कोण आलं होतं?"

"कोण येणारे? कुणी नाही."

"आई, मला खरं सांग. तो येतो ना इथे? दुपारचा येतो ना?"

"तो कोण गं?"

तिने ओठ ओले केले. "दादा," ती म्हणाली.

तेव्हा आई दचकली. तिचा हात मांडीवरून उडाला आणि टेबलाच्या कडेवर पडला. बराच वेळ ती मुलीच्या तोंडाकडेच बघत राहिली, तिथून आणखी काही येतंय का म्हणून.

"नाही गं येत," आई शेवटी म्हणाली. "गेला तो."

"गेला ते मला माहितेय. मी होते की इथे, बूट घालत होते."

"तेव्हा कुठे गेला होता?" आई म्हणाली. "तेव्हा 'येतो' म्हणाला होता. ओट्यापाशी आला, माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि म्हणाला, येतो गं आई."

"आई, सगळेच तसं म्हणतात. जातो असं कुणी म्हणत नाही."

"म्हणत नसतील. मला तो येतो म्हणाला होता." आईने कपाळावरचे केस मागे सारले. "गेला तो नंतर. तुझे बाबा जायच्या आधी दोन वर्षं. तू कुठल्याशा परिषदेला गेली होतीस, हे व्याख्यानाला गेले होते. फोन आला. शाळेत गणित शिकवायचा, तिकडे लांब. ताप अंगावर काढला, त्यातून काही उठला नाही. तिथल्याच एका मास्तरांनी फोन केला होता. बाई, तुम्ही त्यांच्या आई का, असं विचारलं त्यांनी. मी हो म्हटलं. किती वर्षांनी मला कुणी तसं विचारलं, मला आधी आनंदच झाला बघ."

तिला खाली बसायचं होतं, पण जवळच्या खुर्चीवर प्रुफं होती आणि ती उचलायचं तिला सुचेना. दोन अधिक चार. सहा वर्षं. सहा वर्षं ती एका जिवंत माणसाबद्दल गप्प बसली होती असं तिला वाटत होतं, आणि तो माणूस नव्हताच. सहा वर्षं वर्गात समजा-एका-घरात-एक-खुर्ची-आहे, आणि मुलांचं खुसखुसणं. "मला का नाही सांगितलंस?" ती ओरडली. "आई, मला का नाही सांगितलंस गं!"

"कशी सांगू? नाव काढत नव्हतो ना आपण."

"कुणी ठरवलं होतं ते?"

तिच्या तोंडून हे निघालं आणि तिचं तिलाच कानकोंडं झालं. आई मात्र खरोखरच विचार करायला लागली, भुवया गोळा करून. "यांनी, असं मला वाटायचं," ती म्हणाली. "यांना लागेल म्हणून मी गप्प. तूही यांच्याच वळणावर गेलेली, त्याच्यावर रागावलेलीच दिसायचीस. मग म्हटलं, असू दे."

"मी? मी कधी रागावले होते त्याच्यावर?"

"तू कधी विचारलं नाहीस, बाळा."

स्वयंपाकघराकडे वळलेले बाबांचे डोळे, ओठांवरचं बोट. आईला लागेल, म्हणून होतं ते. तिघांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याचं मन राखत होता आणि बंदी कुणीच घातली नव्हती. "बाबांना तरी सांगितलंस का?" तिने विचारलं.

"त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. हॉस्पिटलात शेवटी शेवटी मला म्हणाले, खुर्ची पुसतेस ना? मी म्हटलं, पुसते. मग झोपले. त्यांना काय सांगायचं होतं तेव्हा? वाट बघू दिली." आईने खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं. "यायचा असतो त्याची जागा राखतात. तो फोन आला त्या दिवशी मी पहिल्यांदा बसले. दुसरं कुठे बसवेना. मग रोज बसायला लागले, दुपारची, कुणी नसताना. तू आल्यावर उठायचे. तुला चालणार नाही असं वाटायचं."

तिने प्रुफांचा गठ्ठा जमिनीवर टाकला आणि ती बसली. रडू यायला वेळ लागला, आणि आलं ते शहाण्या बाईचं नव्हतं, दोन वेण्यांच्या पोरीचं होतं, नाकातोंडातून, हुंदक्यावर हुंदका. टेबलावर डोकं टेकून ती "दादा, दादा रे" असं म्हणत राहिली आणि आपण म्हणतोय हे तिला कळलंच नाही. आईचा हात तिच्या केसांत आला. तिचं रडणं ओसरलं आणि ती गप्प झाली तसा तो हात थांबला.

"थांबू नकोस," आई म्हणाली. "म्हण ना अजून. माझ्याशिवाय कुणाच्या तोंडून ऐकलंच नाही गं मी."

तिने डोळे पुसले आणि म्हटलं. मग पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, आणि प्रत्येक वेळी आई त्याच्या वतीने "ओ" देत राहिली.